पुस्तक हवं त्यांनी हात वर करा

ब्लॉग चालवला की किस्से आपोआप साचतात. आमच्या खिडकीच्या गजांवर समुद्राचा खार साचतो तसे, आणि पुसायला कोणाला वेळ आहे! मी डहाणूचा रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. ब्लॉगवर जलरंगांचे धडे टाकतो आणि उरलेला वेळ समुद्राकडे बघत बसतो. बायकोच्या मते हे उलटं आहे.

*

पहिला धडा आकाशाचा. कागद ओला करा, निळा सोडा, वाळू द्या. आमच्या दमट हवेत कागद वाळेपर्यंत माझी एक झोप होते, म्हणून तेही लिहिलं, "आता जरा पडा."

नागपूरच्या एका ताईंची कॉमेंट आली. "सर, पडायच्या आतच वाळला. आकाशाला कडा आल्यात. आता पडू की उठू?"

तेव्हापासून धडा आधी वाचक करून बघतात, मग मी सुधारतो. पुस्तकाचं वेड तिथूनच डोक्यात शिरलं.

*

वाणगाव स्टेशनच्या तिकीट खिडकीत बसणारे सावेसाहेब चिकूचा धडा करत होते. चित्र वाळायला काचेला टेकवलं. रांगेतल्या एका काकूंनी विचारलं, "बटाटे कसे दिले?"

साहेबांचा मला फोन. "मास्तर, धडा परत लिहा. चिकूच्या गावात राहतो मी. तोंड कसं दाखवू?"

परत लिहिला. या खेपेला काकूंनी चिकूचा भाव विचारला म्हणे.

*

धडे पुरेसे झाले तेव्हा मुंबईच्या एका प्रकाशकांना भेटलो. ते म्हणाले, "ब्लॉग फुकट आहे तोवर पुस्तक कोण घेणार? घेणारी माणसं दाखवा, मग बोलू."

फार वाईट वाटलं. मला हे पुस्तक एकदा हातात धरायचं होतं. फोनवरचं चित्र अंगठा लागला की सरकून जातं. संध्याकाळी सुरूच्या झाडाखाली बसून ओहोटीचं पाणी लांब लांब जाताना बघत राहिलो. घरी येऊन ब्लॉगवर एकच ओळ लिहिली. "पुस्तक हवं त्यांनी हात वर करा."

*

कोणी चकार शब्द काढला नाही. बरेच दिवस गेले. बायको म्हणाली, "फुकट ते पौष्टिक. विकत कोण घेतंय?"

शेवटी रानशेतच्या शाळेतल्या बाई माझे धडे नेमाने करतात, त्यांना विचारलंच, "हात का वर करत नाही कोणी?" त्या शांतपणे म्हणाल्या, "करतोय ना सर. तुमचा मागचा धडा हाताचाच होता. तुम्हीच लिहिलंय, घाई करू नका."

मग रंगवलेले हात यायला लागले. नागपूरच्या ताईंचा मेंदीवाला. सावेसाहेबांचा, शिक्क्याची शाई लागलेला. बाईंच्या हाताला सहा बोटं होती. मी फोन केला तर म्हणाल्या, "एक जास्तीचं शाळेच्या प्रतीसाठी."

ती सगळी दुपार मी हात बघण्यात घालवली. चहा निवला तरी उठवेना.

*

ते सगळे हात प्रकाशकांना पाठवले. उत्तर नाही, फोन नाही. मी आशा सोडून पुन्हा समुद्र बघायला लागलो.

एका सकाळी त्यांचा मेल आला. मजकूर काही नव्हता, फक्त एक फोटो. ऑफिसच्या कागदावर निळ्या बॉलपेननं काढलेला, वर केलेला हात. पाचही बोटं सारखी होती.