हुशार... हाव

सकाळी साडेआठला पर्जन्यमापक पाहायचा आणि रजिस्टरात आकडा लिहायचा, हे दारव्ह्याच्या तहसील कचेरीतलं माझं गेल्या एकोणीस वर्षांचं काम. माघात पाऊस नसतो, तरी रकाना रिकामा ठेवता येत नाही. 'निरंक' असं लिहावं लागतं. त्या मंगळवारी मी 'नि' लिहिला आणि फोन वाजला. सुखदेवच्या पत्नी, कांतावहिनी बोलत होत्या. "बाबू, तुमचे दोस्त गेले." मी विचारलं, "कुठे गेले?" खरोखर विचारलं... विचारता विचारताच कळलं. त्या दिवसाच्या रकान्यात अजूनही नुसता 'नि' आहे. तपासणीला साहेब आले की विचारतील. काय ते सांगेन.

सुखदेव मूळचा बोरी अरबचा. दारव्ह्यात एका जिनिंगमध्ये रेच्यांचा मिस्त्री होता. सरकी एकीकडे आणि रुई दुसरीकडे पाडणारी ती यंत्रं बिघडली की त्याला हाक जायची. पण त्याची खरी ओळख काठीची. बोरीत त्याच्या वडिलांचा लाठीचा आखाडा होता आणि जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे त्या आखाड्याच्या काठ्या फिरायच्या. वडिलांनंतर सुखदेवने तो वीस वर्षं चालवला. मग कापसाची ती वर्षं आली. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहून आलं आहे, मी नव्याने काही सांगत नाही. आमच्यापुरतं एवढंच, की जिनिंगचा हंगाम सहा महिन्यांवरून साडेतीनवर आला आणि गावातली तरुण माणसं कामासाठी बाहेर पडली. आखाड्यात काठ्या एकेचाळीस होत्या, धरणारे सात उरले. पुढच्या वर्षी दोन. तिसऱ्या वर्षी सुखदेवने कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घेऊन फिरू लागला. "बाबू," तो म्हणाला, "माह्या बापाजवळ बावीस हात होते. मले अठराच येतात. माह्यानंतर किती, ते तूच लिहून ठेव." हात म्हणजे काठीचे डाव. ते कुठेतरी उरावेत, एवढीच त्याची काळजी होती.

त्याच सुमारास माझा मेहुणा पुण्याहून एक खोका घेऊन आला. तो तिथे छापखान्यात असतो. खोक्यात चार, आठ, बारा, वीस बाजूंचे फासे होते आणि एक जाड इंग्रजी पुस्तक. खेळ असा, की एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं, आणि त्या माणसाचं काही साधलं की फसलं हे फाशांनी ठरवायचं. पुस्तकात एक टकलू साधू काठी घेऊन लढतानाचं चित्र होतं. सुखदेवने ते हातभर लांब धरून पाहिलं. "ह्याचा मागचा पाय चुकला. पहिल्याच वारात पाडतो मी ह्याले." मग थोड्या वेळाने, पुस्तक न मिटता, "बाबू, हे तं आपल्यालेही करता येते."

अशी आमची चार वर्षं गेली. रविवारी दुपारी तो यायचा, आमच्या गच्चीवर एकेक हात करून दाखवायचा आणि मी वही घेऊन बसायचो. किती पावलं, किती दिशा, उघडी बाजू कोणती, समोरच्याला किती अवसर मिळतो... त्यावरून फाशाचा आकडा ठरायचा. 'घिरकी'ने दोघांना अडवता येईल, पण पाठ उघडी पडेल. 'चौमुखी' चारही बाजूंना चालेल, पण एका लढतीत एकदाच. 'हूल' द्यायची तर डोकं दाखवून गुडघ्यावर उतरायचं आणि समोरच्याने आधी मनात एक जागा धरायची, डोकं की गुडघा. इंग्रजी पुस्तकात डाव टाकायला आतली कसलीशी शक्ती खर्च होत असे. मी त्याला ती 'आत्मशक्ती' म्हणून समजावली. तो हसला. "मी नाई पाह्यली बा ती. आखाड्यात एकच वस्तू सरते. दम." दुसऱ्या रविवारी त्याने जिनिंगमधून मूठभर सरकी आणली. प्रत्येकाच्या वाटीत बारा दाणे, म्हणजे बारा दम. घिरकीला तीन, हूल दिली तर दोन. दाणे संपले की डाव नाही, आणि एक खेप थांबलं की एक दाणा परत. इतका सोपा हिशोब मला चार वर्षांत एकदाही बदलावा लागला नाही. गोष्ट सांगायचं काम माझी पत्नी मंदा करी, कारण आम्हा दोघांनाही गोष्ट येत नसे. मीठ लादलेल्या बैलांचा तांडा आणि त्याचे राखणदार, असं काहीतरी तिने रचलं होतं. कांतावहिनी मात्र कधी आल्या नाहीत. "दोन बुढे सरकीनं खेळून राह्यले," असं त्या विहिरीवर सांगत.

भांडण झालं ते एका नियमावरून. त्यांच्या आखाड्यात वार करण्याआधी "हुश्शार!" अशी हाक द्यायची रीत होती. समोरच्याने "हाव!" म्हणायचं. हाव म्हणजे आमच्याकडे 'हो'. हाव आलं तरच काठी खाली यायची. नाही आलं तर हवेत असेल तिथे थांबवायची. सुखदेवला हे खेळात हवंच होतं. म्हणाला, "जो गप राह्यला त्याले मारायचं नाई. बाकी अठरा हात एकीकडे अन् हे एकीकडे." मी म्हटलं, ठीक आहे. मग घरी बसून एकट्याने दोनशे लढती खेळलो, दोन्ही बाजूंचे फासे मीच टाकले. त्रेसष्ट संपल्याच नाहीत. उघड होतं, ज्याचा जीव कमी उरला तो गप बसणार. मी वही त्याच्यापुढे ठेवली.

"आखाड्यात नाई कोणी गप बसत," तो म्हणाला.

"का नाही?"

"लाज वाटते ना बाबू!"

"लाजेला आकडा नाही खेळात."

"मंग लाव. आकडे लावायले तं तुले बोलावलं."

"बरं, हाव म्हणायला दम किती धरू?"

"हाव म्हणायले कायचा दम लागते? फुकट हाय ते."

आठ महिने हे असंच राहिलं. नियम वहीत पडून होता, खेळात नव्हता, पण आमच्या बोलण्यात पक्का बसला. तो जिन्यात आला की मी वरून "हुश्शार!" म्हणायचो, खालून "हाव!" यायचं. दरम्यान मेहुण्याने आमच्या खेळाच्या पन्नास प्रती छापून देतो म्हणून कळवलं. मी पानं स्वच्छ अक्षरात उतरवली आणि हावचं पान काढून पाठवून दिली. चूक असलेला हिशोब माझ्या हातून पुढे जात नाही. सुखदेवला विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाला असता, हे मला ठाऊक होतं.

तो शेवटचा आला त्या रविवारी पौष संपत होता. आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत. तो एकाआड एक चढायचा. त्या दिवशी सहाव्या पायरीवर थांबला आणि शेजारच्या पेरूच्या झाडाकडे बघत राहिला. मग अकराव्या पायरीवर पुन्हा. मी वरून पाहत होतो, आकडे आज सांगतो आहे म्हणजे तेव्हा मोजलेही होते... पण त्यांचा अर्थ काढला नाही. "हुश्शार!" मी म्हटलं. तो काही बोलला नाही, नुसता हात वर केला. मला वाटलं, मंदाकडून ह्याला पानाचं कळलेलं दिसतं, आणि हा रुसला. मग मीही ताठ झालो. तो टेकतो न टेकतो तोच म्हणालो, "हाव काढलं मी. पानं पुण्याला गेली. दोनशेत त्रेसष्ट लढती संपत नव्हत्या, तुला सांगितलं होतं." आणि मग, कारण तो अजून गपच होता, आणखी बोललो. म्हणालो, "तुझा आखाडा बंद पडला तो उगाच नाही. सगळं लाजेवर चालवत होतास."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "बरं... केलं," म्हणाला. दोन शब्द, मध्ये बराच वेळ. समोरच्या वाटीतले दाणे त्याने डब्यात ओतले, झाकण लावलं आणि उठला. उतरतानाही तो जिन्यात थांबला होता. मी समजलो, बोलावण्याची वाट पाहतोय. बोलावलं नाही. पुढचे दोन रविवार तो आला नाही, आणि मी गेलो नाही.

तेराव्या दिवशी कांतावहिनींनी सांगितलं. चार महिन्यांपासून श्वास पुरत नव्हता. यवतमाळच्या डॉक्टरांनी फुप्फुसं पाहून काम सोडायला सांगितलं, पण हंगाम आधीच तोकडा, तो संपेपर्यंत थांबतो म्हणाला. मला सांगू नको, असंही बजावलं होतं. "म्हणे, बाबू वही घेऊन बसन अन् दिवसाले किती खोकलो ते मोजन." हे सांगताना त्या हसल्या आणि मीही हसलो. मग त्या म्हणाल्या, "त्या रविवारी तुमच्याकडून आले ते दोन तास बोलले नाई. मी म्हटलं, भांडले काय? तं मानेनंच नाई म्हटलं. मंग संध्याकाळी म्हणे, बाबूनं हुशार म्हटलं... अन् मले हाव म्हणता नाई आलं. दम नव्हता."

लोक म्हणतात, मनाला लावून घेऊ नका, तुम्हाला माहीत नव्हतं. ते बरोबर आहे. पण त्या रीतीत माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. समोरचा का गप आहे हे ओळखायचं नसतं, रुसला की दमला की घाबरला. हाव आलं नाही, थांबायचं. ती रीत पाळली असती तर मी पुढचं वाक्य बोललो नसतो, आणि त्याच्यापुढचं तर नाहीच. तो जायचा तो गेलाच असता, डॉक्टरांचं म्हणणं मी दोनदा विचारून घेतलं आहे. त्याने काही कमी होत नाही.

नंतर मी पुन्हा दोनशे लढती खेळलो. हाव म्हणायला एक दाणा धरला. वाटीत दाणा असेल तर हाव म्हणावंच लागेल. वाटी रिकामी असेल तर गप राहावं, आणि गप असलेल्याला कोणी मारू नये. दोनशेच्या दोनशे संपल्या. इतकं साधं होतं. फुकट धरलं होतं ते आम्ही दोघांनीही, चूक तिथे होती. पण पुण्यात प्रती छापून झाल्या होत्या. त्या मागवून घेतल्या आणि पन्नास चिठ्ठ्या हाताने लिहून विसाव्या पानावर चिकटवल्या.

गेल्या रविवारी कांतावहिनी आल्या. हातात आखाड्याची किल्ली होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि सुखदेवच्या जागेवर बसल्या. "काय खेळत होते ते मलेही दाखवा," म्हणाल्या. मंदाने गोष्ट सुरू केली. तांडा नदीशी आला, समोर वाटमारे, वाटमाऱ्यांचे फासे माझ्याकडे. वहिनींच्या वाटीत मी बारा दाणे मोजून घातले. फासे उचलले आणि म्हटलं, "हुश्शार."

पुढचा शब्द त्यांना शिकवायची गरज नव्हती, त्यांचं अर्धं आयुष्य तो ऐकण्यात गेलं. त्या वाटीकडे बघत राहिल्या. एक दाणा बोटाने जरा बाजूला सरकवला, पुन्हा जागेवर आणला. बोलल्या नाहीत.

"अहो, टाका की फासे," मंदा मला हळूच म्हणाली. "त्यांची वाटी भरलेली आहे."

भरलेलीच होती. माझ्या नियमाप्रमाणे त्यांनी बोलायला हवं होतं. मी फासे मुठीतच धरून ठेवले.