गाडीचा दम कुठे गेला

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर माझी बदली देवळालीला झाली. मी ईएमईचा, म्हणजे फौजेतली यंत्रे दुरुस्त करणाऱ्या शाखेचा हवालदार. नेमणूक एका तोफखाना रेजिमेंटमध्ये. घर नाशिकरोडला. घराच्या इतक्या जवळ पोस्टिंग मिळणे ही फौजेत कारकुनी चूक समजली जाते. मी ती कुणाच्या लक्षात आणून दिली नाही.

सकाळी पीटी, मग एमटी पार्क, म्हणजे रेजिमेंटच्या गाड्यांचा तळ, मग दिवसभर गाड्यांच्या पोटाखाली. त्या वर्षी तोफ ओढणारा एक नवा डिझेल ट्रक आम्हाला चाचणीसाठी मिळाला. त्याला टर्बो होता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो, एवढाच त्याचा अर्थ. हवा भरपूर मिळाली की डिझेल नीट जळते. कमी पडली की गाडी काळा धूर ओकते आणि चढावर धापा टाकते.

ट्रक नाईक सोमा भोयेच्या ताब्यात होता. भोये सुरगाण्याकडच्या डोंगरातला. बोलणे कमी, घाटातला हात पक्का. हवालदारीसाठी त्याचे नाव वर गेले होते.

रेंजवर मोठ्या पाहुण्यांसमोर फायरिंगचे प्रात्यक्षिक ठरले. तयारीला सुरुवात झाली. फौजेत तयारी म्हणजे आधी गेरू आणि चुना. रस्त्याकडेचे दगड रंगले, झाडांची खोडे रंगली, सोफे आणि कुंड्या आल्या. तोफगोळ्यांचा विषय त्यानंतर निघाला.

रंगीत तालमीत भोयेचा ट्रक तोफ घेऊन चढाला लागला आणि अर्ध्यात बसला. मागे काळ्या धुराचा पडदा. सीओसाहेबांनी, म्हणजे रेजिमेंटच्या प्रमुखांनी, दुर्बीण खाली घेतली आणि ते तडक जीपमध्ये बसले. ते बोलले असते तर बरे झाले असते.

एमटीओ कॅप्टन, म्हणजे गाड्यांचे अधिकारी, पार्कात आले.

"भोये, इंजन गरम था और तुमने एकदम बंद किया?"

"नहीं साब."

"तो टर्बो अपने आप जल गया?"

"जला नहीं साब."

"परसों गाडी चढी तो ठीक. नहीं चढी तो चार्ज."

कॅप्टनसाहेबांची शंका अगदीच हवेतली नव्हती. तापलेले इंजिन झटक्यात बंद केले तर टर्बोचे बेअरिंग जळते. पण चार्ज, म्हणजे शिस्तभंगाचा आरोप, लागला की लाल शाईची नोंद, आणि हवालदारी गेली. शिवाय भोयेच्या हातातून गाडी काढून घेतली जाणार होती. त्याला दुसऱ्या गोष्टीची जास्त धास्ती वाटत होती.

आम्ही दोघे कामाला लागलो. एअर फिल्टर स्वच्छ. डिझेलचा पुरवठा नीट. काळा धूर तेच सांगत होता. मी टर्बोचा पाइप सोडवून पंखा बोटाने फिरवला. सुरळीत फिरला, दांडा हलवून पाहिला तर खेळ नाही. बेअरिंग शाबूत.

"उस्ताद, उभी असली का काय बी नाय," भोये म्हणाला. "चढावर दाबली का टर्बोची शिट्टी बंद होते. फुस्स फुस्स करते."

"मग आधी का नाही बोललास?"

"साहेबांनी इचारलं, जाळला का. फुसफुशीचं कोणी इचारलंच नाय."

फुसफूस म्हणजे गळती. टर्बो हवा दाबत होता, ती इंजिनापर्यंत पोहोचत नव्हती. मधे एकच रबरी होज, म्हणजे जाड नळी. तो मी दिव्याखाली धरला. चीर नाही, भोक नाही, काळाभोर चकचकीत. सगळ्या गाडीत तेवढाच भाग पाहुण्यांना दाखवण्यासारखा होता. मला त्याच चकाकीचा संशय आला.

होजच्या एका तोंडात इनॅमलचा मग ठोकला, दुसऱ्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेला लाकडी गट्टू. दोन्हीकडे क्लॅम्प आवळले. भोयेने टायरची हवा भरायच्या पंपाने अगदी बेताची हवा सोडली. मी माझ्या दाढीच्या ब्रशने साबणाचा फेस होजवर फासला.

एवढ्यात सुभेदार मेजर आले. "क्या हो रहा है? रबर की शेव्हिंग?"

"जी साब. इन्स्पेक्शन है."

होज पाव फुगावा तसा फुगला. खालच्या बाजूला क्लॅम्पजवळ फेसाचा गोळा उठला. हवा सोडली की चीर मिटायची आणि रबर पुन्हा गुळगुळीत. उभ्या गाडीत दाब नसल्याने ती उघडतच नव्हती.

मी बोट दाबले. रबर शिजवलेल्या वांग्यासारखे मऊ.

"याला काय लावलंस?"

भोयेने सुभेदार मेजरांकडे पाहिले नाही. खाली पाहिले. "डिझेल. चमकायला. सगळ्याच गाड्यांच्या रबराला लावलं. हुकूम होता."

फौजेत पिढ्यान्‌पिढ्या इन्स्पेक्शनआधी रबर डिझेलने पुसत. डिझेल रबर कुजवते, पण जुन्या गाड्यांच्या होजवर इतका दाबच नसे, त्यामुळे ते खपून जाई. हा होज रोज पुसून रोज मऊ होत गेला होता.

सुभेदार मेजरांनी मिशीवरून हात फिरवला. "रबर सूखा रखने का. मैं पहले से बोल रहा हूँ."

"जी साब," आम्ही दोघे एका आवाजात म्हणालो.

नवा होज यायला महिना गेला असता. भंगारात निघालेल्या एका अवजड ट्रकचा आत कापडाचे थर असलेला रेडिएटर होज सापडला. तो मापात कापला, दोन्ही टोकांना दुहेरी क्लॅम्प लावले.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी सोफे भरले. वायरलेसवर भोयेच्या गाडीला हुकूम आला: "टायगर वन, मूव्ह."

"टायगर वन, मूव्हिंग."

ट्रक चढाला लागला. तालमीत बसला होता ती जागा जवळ आली. भोयेने गिअर उतरवला आणि पाय दाबला. शिट्टी सुरू झाली. बारीक, मग चढत चढत सगळ्या उतारावर ऐकू येईल अशी. धूर नाही. तोफ मागे हलकी असल्यासारखी गेली. पाहुण्यांनी बहुधा हा आवाज कार्यक्रमाचाच भाग समजला. एमटी पार्कातली पोरे मात्र टोप्या उडवत होती. कॅप्टनसाहेबांनी वर जाऊन भोयेशी हात मिळवला. त्यांनी हे सर्वांसमोर केले, याबद्दल मी त्यांना आजही मानतो.

भोये हवालदार झाला. पुढे रेजिमेंट उत्तरेच्या पहाडांत गेली. एका हिवाळ्यात वरच्या गन पोझिशनवर तोफ पोहोचवायची होती. रस्ता बर्फाने अर्धा खाल्लेला. भोयेने तोफ पोहोचवली; शेजारी बसलेला मी वरच उतरलो. रिकामी गाडी घेऊन खाली येताना कडा ढासळला आणि भोये गाडीसकट दरीत गेला.

त्याची ट्रंक घेऊन मी सुरगाण्याकडच्या त्याच्या पाड्यावर गेलो. सोबत सरकारी शोकसंदेश होता. तो मी वाचून दाखवला. त्याच्या बायकोने शांतपणे ऐकला. त्यात कर्तव्य, बलिदान वगैरे सगळे होते, घडले काय ते नव्हते.

"दादा," ती म्हणाली, "ती तोफ वर पोचली का?"

"पोचली, वहिनी. त्यानेच पोहोचवली."

तिने मान हलवली. मग दारात खेळणाऱ्या दोन्ही मुलांना आत बोलावून जवळ बसवले आणि मला म्हणाली, "आता यांना सांगा. कशी नेली ती."

मी सांगितले. पहिल्या गिअरपासून.