सोमवार, बुधवार, शुक्रवार

विल्मा टकर मुळात भित्री नव्हे. टेक्सासमधल्या लाँड्रीत वीस वर्षं काढली, पण मालकाचं कधी ऐकून घेतलं नाही. मग नवऱ्याची, हर्शेलची, मूत्रपिंडं गेली. त्याच्या वारलेल्या बहिणीच्या रिकाम्या घरात दोघं कॅलिफोर्नियाला राहायला आली आणि बाई मऊ पडली.

इथंही काम तेच, इस्पितळाच्या चादरींचं. मॅनेजर रॉडनीनं तिला सोमवार, बुधवार, शुक्रवार दिले, बारा-बारा तासांचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार हर्शेलच्या डायलिसिसचे. गाडी चालवणारी ती एकटीच. आठवड्याचे छत्तीस तास भरत. ओव्हरटाइम चाळिसाच्या पुढे, हे देशाच्या कायद्याचं गणित ती टेक्सासहून डोक्यात घेऊन आली होती. दोन वर्षं तिनं काही विचारलंच नाही.

जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या यंत्रावरची ओफेलिया म्हणाली, "अगं वेडाबाई, चाळीस तुझ्या टेक्सासात! इथं राज्याचा कायदा रोजचा दिवस मोजतो. आठ तास झाले की पुढे दीडपट पगार. दर दिवशी चार तासांचे वरचे पैसे सोडतेस तू!"

विल्मानं अर्धा डबा तसाच मिटला. दोन दिवस तळमळून तिनं रॉडनीकडे हळूच विषय काढला. संध्याकाळी तो कागद घेऊनच आला.

"मिस विल्मा, तुमची अडचण बघूनच दिले ना हे दिवस? सही करा, विषय संपला. नाहीतर मग सगळ्यांसारखे पाच दिवस, आठ तास. माझा नाइलाज आहे."

"असल्या सहीनं हक्क जात नाही," ओफेलियानं बजावलं. "पण तू करू नकोस." सांगायला तिचं काय जात होतं! तिचा नवरा धडधाकट होता.

रात्रभर विल्माला एकच धास्ती: मंगळवारी हर्शेलला कोण नेणार? सकाळी चष्मा लावून हर्शेलनंच तिनं घरी आणलेला कागद वाचला. 'पतीच्या आजारपणामुळे स्वखुशीनं तीन दिवस मागत आहे. ओव्हरटाइम नको.'

"माझं नाव कशाला घातलं यात?"

"अरे, तुझ्यासाठीच तर..."

"मला न विचारता?" त्यानं ती ओळ खोडली. "आता दे नेऊन."

शुक्रवारी सही नसलेला कागद तिनं रॉडनीच्या टेबलावर ठेवला. त्यानं तो नुसता खणात सारला. बोलला असता तर बरं झालं असतं. दिवसभर तिच्या घड्या वाकड्या पडत होत्या.

सुटताना तिनं घड्याळाशेजारचा पुढच्या आठवड्याचा तक्ता पाहिला. तिच्या नावापुढे सोमवार, बुधवार, शुक्रवारच होते. तिनं सुटकेचा श्वास घेतला आणि मग नीट पाहिलं. बाकी सगळ्यांचे दिवस नेहमीसारखे पेननं लिहिले होते. तिचे तेवढे पेन्सिलनं.