मोह तोडून लावलेले नारळ

समुद्र कधी न पाहिलेल्या गावाला समुद्रकाठची बाग कशाला हवी होती?

पांढरकवड्याच्या रस्त्यावरच्या आमच्या गावातली सार्वजनिक बाग जुनी. तिच्यात मोहाचं एक मोठं झाड होतं आणि कोपऱ्यात दुसरं, तुरळकच फुलणारं. बाग समितीचे अध्यक्ष किनाऱ्यावरचं वनस्पती उद्यान पाहून आले आणि तस्संच इथे हवं म्हणून त्यांनी तो मोठा मोह तोडून नारळ लावले. समुद्राचं झाड म्हणून आळ्यांत मीठही पोत्याने ओतलं.

फाल्गुनात एक कोलाम आदिवासी म्हातारी नेहमीप्रमाणे खराटा घेऊन आली. फुलं पडण्याआधी ती मोहाखालची जमीन झाडून ठेवी. वेचलेल्या त्या फुलांवर तिचं घर उन्हाळा काढी. नुसता बुंधा पाहून ती तिथेच बसली.

"आता नारळं येच, बुढे!" चौकीदार हसला.

"ते लागतीन तवा लागतीन, बापू. औंदा मी काय येचू?"

मी फाटकाशी उभा होतो. ती खराटा उचलून माझ्यासमोरून निघून गेली.

नारळ वैशाखातच करपले. त्याची लाज वाटायची सोडून समितीने आता बागेतला दुसरा मोहही तोडायला काढला आहे. तिथे कारंजं बांधणार म्हणे. म्हातारी हल्ली फळं वेचायला त्याच मोहाखाली झाडते. सोमवारी कुऱ्हाडी येतील. तुम्ही त्यांच्याआधी या आणि तिच्या शेजारी उभे राहा.