चावी नसलेली नर्स

लॉर्ना टिंडलच्या गाडीत ते पिवळं कार्ड मीच ठेवलं, हे आधीच सांगून टाकतो. मानसिक आजारात गुन्हा केलेल्या रुग्णांना घरी जाऊन भेटणाऱ्या आमच्या पथकाच्या गाड्यांना इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीत वरचेवर पार्किंगचा दंड व्हायचा. तेव्हा कारकून या नात्याने मी एक कार्ड छापलं, त्याला प्लास्टिकचं आवरण घातलं आणि काचेमागे उभं केलं : ‘न्यायवैद्यक मानसिक आरोग्य पथक. रुग्णभेट चालू आहे.’ अक्षरं अशी की पार्किंगवाला चष्मा घरी विसरला तरी चालावं. नव्या नर्सला द्यायच्या सूचना मीच टाइप करायचो. त्यातली पहिली सूचना अशी : गणवेश नको, ओळखपत्र खिशात, रुग्णाच्या दारात आपण कोण हे कुणालाही कळता कामा नये.

लॉर्ना बेचाळिशीची. नऊ वर्षं ती बंदिस्त मनोरुग्णालयात नर्स होती, कमरेला चाव्यांचा जुडगा लावून. बाहेरच्या कामावर आली तेव्हा जुडगा जमा करावा लागला. पहिले काही दिवस कुठल्याही दारासमोर उभी राहिली की तिचा हात कमरेकडे जायचा, मग ओशाळून बेलकडे.

तिचा पहिला रुग्ण आल्विन पॉकलिंग्टन. बारा वर्षांपूर्वी आजाराच्या भरात त्याने सख्ख्या भावाची बोटीची शेड पेटवली होती. अकरा वर्षं रुग्णालयात काढून तो आता एका छोट्या घरात राहत होता, अटींवर. दर गुरुवारी नर्सला भेटायचं, पंधरा दिवसांनी इंजेक्शन घ्यायचं, राहता पत्ता सोडायचा नाही. यातलं काही चुकलं तर त्याला परत आत बोलावता येत होतं.

गाडी लांब कोपऱ्यावर लावायची असा नियम; पण पहिल्या गुरुवारी तिथे सामानाची व्हॅन आडवी होती, म्हणून लॉर्नाने गाडी थेट त्याच्या दारात लावली. कार्डाकडे तिचं लक्ष गेलं नाही. शेजारच्या ऑलिव्ह ब्रॉकल्सबीचं गेलं. तिने ते कुत्र्याला फिरवायला नेताना एकदा वाचलं आणि परत येताना पुन्हा.

दुसऱ्या गुरुवारी बेल वाजली, वाजत राहिली, दार उघडेना. वरचा पडदा हलला. इंजेक्शनही त्याच दिवशी होतं.

“उघडायचा नाही तो,” कुंपणापलीकडून ऑलिव्ह म्हणाली. “आठवडाभर दूधसुद्धा आत घेतलं नाहीये. काय केलंय गं त्याने? कुणाचा खूनबिन?”

“मी कुणाबद्दल बोलू शकत नाही, मावशी.”

“मग गाडीवर पाटी कशाला लावतेस? त्यापेक्षा भोंगा लाव.”

लॉर्ना दाराकडे वळली. ती पायरीवर गुडघे टेकून बसली आणि दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून बोलू लागली. “आल्विन, ते कार्ड माझ्या गाडीत होतं. मी बघायला हवं होतं.”

आतून आवाज आला, “चावी लाव की. तिकडे तर सगळ्यांकडे असायची.”

“माझ्याकडे नाही. घर तुझं आहे.”

“आणि नाही उघडलं तर?”

“पाच वाजता मला अहवालात लिहावं लागेल. उघडलंस तर उघडलं म्हणून, नाही तर नाही म्हणून. खोटं लिहिणार नाही.”

दार उघडलं तेव्हा आल्विनच्या अंगात कोट होता आणि हातात भरलेली बॅग. “परतच घेऊन चल,” तो म्हणाला. “तिथं निदान शेजारी नसतात.”

तिने समजूत घातली नाही. इंजेक्शन दिलं, चहा टाकला. घरातलं जुनं दूध नासलेलं निघालं, तेव्हा दोघांनी कोराच प्यायला. मग ती म्हणाली, “बॅग भरायची की रिकामी करायची ते तू ठरव. मी पुढच्या गुरुवारी बेल वाजवणार आहे.”

ती निघाली तसा तोही बाहेर आला, कोटासकट, आणि सरळ कुंपणाशी गेला. “मी भावाची शेड जाळली होती,” तो ऑलिव्हला म्हणाला. “तेव्हा मला बरं नव्हतं. आता औषध घेतो.”

ऑलिव्हने त्याला नीट न्याहाळलं. “शेड? माणसं नव्हती ना आत?”

“नव्हती.”

“मग आठवडाभर मला झोप का लागू दिली नाहीस, मेल्या? आणि ते दूध उचल, वास मारतंय.”

शुक्रवारी आमची मीटिंग झाली. शेजारपाजारी बोभाटा झालाय, तेव्हा त्याला आत बोलावलेलं बरं, असं डॉक्टरांचं मत पडलं. लॉर्नाने लिहून आणलेलं वाचलं : दार उशिरा उघडलं, पण त्याने स्वतः उघडलं, इंजेक्शन घेतलं, शेजारणीला स्वतः सांगितलं. कार्ड कुणी ठेवलं, असं पथकाच्या प्रमुखांनी विचारलं. मी खिडकीबाहेरच्या सीगल पक्ष्यांचा अभ्यास करू लागलो. “गाडी माझी होती,” ती म्हणाली आणि पुढचा परिच्छेद वाचायला घेतला. आल्विन त्याच घरात राहील, असं ठरलं.

बाहेर आल्यावर मी तिला जिन्यात गाठलं. “माझं नाव का नाही घेतलंस?”

“मीटिंग आल्विनची होती, तुझी नव्हे.”