साहेबांचं ‘आपण’

गोल्फ कोर्सच्या तळ्यात वर्षभर बॉल पडत राहतात आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की चिखलात ढिगाने सापडतात. आमच्या नेव्हीवाल्यांच्या किश्श्यांचंही तसंच. नाशिकला समुद्र नाही, आमच्या नशिबी ते तळंच काय ते पाणी! नव्वदच्या दशकात रिटायर झालो आणि छावणीजवळच्या कोर्सवर क्लबहाउसचं कँटीन चालवायला घेतलं. त्यामुळे डोळ्यांदेखत घडलेलंच सांगतोय.

*

माझा दोस्त गांगुर्डे कळवणचा. जहाजावर मी स्वयंपाकात, तो डेकवर. आमचे कॅप्टन राजवाडे साहेब नाशिकचेच, आणि त्यांना गोल्फचं भारी वेड. जहाज बंदराला लागलं की साहेब खेळायला निघत आणि बॅग गांगुर्डेच्या खांद्यावर.

एकदा खुशीत येऊन साहेब त्याला म्हणाले, "रिटायर झाल्यावर नाशिकला आपण खेळू." सुट्टीवर गेल्यावर गांगुर्डेने हे मोठ्या अभिमानाने बायकोला सांगितलं. तिने विचारलं, "त्या वयात?"

*

दोघंही रिटायर होऊन नाशिकला आले. पहिल्याच दिवशी कोर्सच्या गेटवर साहेबांनी रुबाबात सांगितलं, "कॅप्टन राजवाडे." पहारेकरी आर्मीचा. नेव्हीतला कॅप्टन म्हणजे आर्मीतला कर्नल, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक? साहेबांच्या पिकल्या केसांकडे बघून तो हळहळला, "साब, प्रमोशन नहीं मिला?"

साहेब आठवडाभर तिकडे फिरकले नाहीत. हुद्दा जरा खाली आला की माणसाला किती लागतं बघा! गांगुर्डेला मात्र गेटवर कुणी काही विचारलंच नाही. खांद्यावर बॅग होती ना.

*

कोर्सवर खेळायचं ते फक्त ऑफिसरांनी. पण साहेब गांगुर्डेला सगळ्यात धरायचे. मॅच मारली की "आज आपण जिंकलो." बॉल तळ्यात गेला की "तू स्टिक चुकीची दिलीस."

मग साहेबांना आत बिअर आणि गांगुर्डेला माझ्या मागच्या दाराशी चहा. "बोला, आपण काय घेणार?" मी मुद्दाम विचारायचो. तो हसायचा नाही.

न राहवून एकदा म्हटलं, कशाला झिजतोस फुकट? तर म्हणाला, "साहेबांनी शब्द दिलाय. एक डाव खेळू दे, मंग बॅग खाली ठेवतो. लय वर्सं झाली वाहतोय."

*

दोन हजार साल उलटल्यावर कमिटीला एकदा उदारपणाचा झटका आला. जोड्यांच्या मॅचला ऑफिसरने हवा तो जोडीदार आणावा, तो कुणीही असो! साहेब गांगुर्डेला म्हणाले, "यंदा आपण उतरायचं."

गांगुर्डेने पांढरे बूट घेतले. घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर रोज काठीने सराव करू लागला. गल्लीतले लोक विचारायचे, साप निघाला का?

मॅचच्या सकाळी तो इस्त्रीची पँट घालून माझ्याआधी हजर. साहेबांची गाडी आली, आणि साहेबांबरोबर उतरला एक बिल्डर. साहेबांच्या नव्या बंगल्याचं काम त्याच्याकडेच होतं. दोघांनी डिकीतून आपापल्या बॅगा काढल्या.

साहेबांचं लक्ष गांगुर्डेच्या पायांकडे गेलं. "वा, बूट छान! चल, आज आपल्याला दोन बॅगा आहेत."

त्या बिल्डरचा मला राग नाही, त्याला काय माहीत! साहेबांचा आला. अजून येतो.

*

साहेब आणि बिल्डर जिंकले. फोटोच्या वेळी फोटोग्राफरने गांगुर्डेला बॅगांसकट बाजूला व्हायला सांगितलं, तो झाला. मग मंडळी कप घेऊन माझ्या काउंटरशी आली. साहेब रंगात होते. त्यांनी गांगुर्डेच्या पाठीवर थाप मारली. "गांगुर्डे, आपण जिंकलो! पुढच्या वर्षीही आपणच खेळायचं."

गांगुर्डेने दोन्ही बॅगा भिंतीला नीट टेकवून ठेवल्या. वाकून नव्या बुटांवरचा चिखल पुसला. मग जहाजावर उभा राहायचा तसा ताठ उभा राहिला.

"आपण खेळा, साहेब."