पावडरीचे अकरा डबे

मला त्या योजनेत आणलं ते माझ्या थोरल्या नणंदेनं. ती वडूजला असते. मी तासगावात शाळेवर शिक्षिका. ताकदीची पावडर विकायची आणि आपल्या खाली माणसं जोडायची, असं काम. सात महिन्यांत मी तिघांना जोडलं: एक मावशी, गल्लीतली शिवणकाम करणारी बाई आणि आमचे मिस्टर. मिस्टरांना हे अजून नीटसं माहीत नाही.

एक दिवस शिवणवाली घरी आली. शिलाईतून साठवलेल्या पैशांचे तिनं दोन डबे घेतले होते.

"बाई, कोणच घेईना. काय करू?"

मला शिकवलेलं मी तिला सांगितलं. "ओळखीच्यांची यादी करा."

तिनं पिशवीतनं कागद काढला. यादी केलेलीच होती. पहिलं नाव माझं होतं.

तिचे डबे मी ठेवून घेतले. माझे नऊ कॉटखाली होतेच. मग योजनेत येताना भरलेल्या फॉर्मची मागची बाजू पहिल्यांदा वाचली. सीलबंद माल बिलासह परत घेतला जाईल, असं बारीक अक्षरात लिहिलं होतं. मी नणंदेला फोन लावला.

"वन्सं, मी बाहेर पडते."

"अगं, आता तर कुठं सुरुवात हाय! आन् डबे काय, घरातल्या घरात संपतील की."

घरात सासऱ्यांना ती पावडर डॉक्टरांनी बंद केली होती आणि बाकीच्यांनी स्वतःहून.

महिन्याची मीटिंग साताऱ्याला, एका मंगल कार्यालयात असायची. रविवारी दोन पोती घेऊन मी एसटीत चढले. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय यात?" म्हटलं, ताकदीची पावडर. "मग चढवा की तुमीच," म्हणाला.

मी एकही मीटिंग चुकवलेली नसल्यामुळे मला अनुभव सांगायला स्टेजवर बोलावलं. मी सांगितलं, "सात महिने झाले. जेवढे विकले ते नातेवाइकांनी घेतले. उरलेले अकरा डबे आणलेत, बिलं आहेत. पैसे कुणाकडे मिळतील?"

लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. नणंद दुसऱ्या रांगेत होती. तिनं नाही वाजवल्या.

कंपनीचे टायवाले साहेब मला बाहेर घेऊन गेले. "ताई, पुढच्या महिन्यात बघू." मी दारातच पोत्यावर बसले. जेवणाच्या सुट्टीत येणारे-जाणारे विचारायला लागले, तेव्हा साहेबांनी थोडी कपात करून पैसे फोनवर पाठवले. शिवणवालीला मी तिचे पूर्ण दिले. ती रडली.

नणंद चार महिने बोलली नाही. मग एकदा दुपारी न सांगता आली, चहा घेतला आणि म्हणाली, "माज्याकडं चाळीस हायत."

माल परत करायचा तिचा अर्ज मी लिहून दिला. बऱ्याच डब्यांची मुदत गेली होती, निम्मेच पैसे आले. सध्या ती पापड विकते. चांगले असतात.